आप्पांनी गोव्याला देऊ केलं ते

सोलापूर
रविवार, संध्याकाळ

प्रिय बिरू,

तुझ्या कंपनीचं ते ‘गोव्यात राहायला या’ जाहिरातीचं पान वाचलं. तू घरच्या ग्रुपवर टाकलंस आणि खाली लिहिलंस, अक्का, आई-आप्पांना नीट वाचून दाखव. मी आधी एकटीनंच वाचलं, कारखान्याच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. भिंतीपलीकडं माग धडधडत होते, टेबलावर टॉवेलचे गठ्ठे पडले होते, पंखा गरम हवा फेकत होता, आणि मी वाचतेय की सकाळी समुद्राची गाज ऐकत आपल्या गॅलरीत बसून कॉफी प्यावी. हे तूच लिहिलं असणार, मला लगेच ओळखू आलं. शाळेच्या निबंधातसुद्धा तू नदीला ‘खळाळणारी’ म्हणायचास, आणि आपण पडलो माण नदीच्या काठचे, जिच्यात वर्षातला बराचसा काळ नुसती वाळू असते. मास्तरांनी त्या शब्दाखाली लाल रेघ मारली होती, तरी पुढच्या निबंधात तू तो परत घातलास.

लिहिलंयस छान, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. राज्य छोटं, सगळं हाताशी. डोंगर आहे, समुद्र आहे, विमानतळ आहे, हवा स्वच्छ, मुलांना शाळा, म्हाताऱ्यांना दवाखाने, भाषा आपल्या भाषेच्या जवळची, आयुष्याला घाई नाही. वाचता वाचता मलासुद्धा क्षणभर वाटलं की आपणही जावं. पण मधेच एक वाक्य आलं, ‘इथली माणसं येणाऱ्या प्रत्येकाला आपलंसं करतात’, आणि माझा घास तोंडातच राहिला. प्रत्येकाला? बिरू, हे तू लिहिलंस? लिहिताना तुझं तुलाच हसू नाही आलं?

पहिल्या वर्षी तू तिकडं हॉटेलात कामाला लागलास तेव्हा दुधनीच्या पोरांबरोबर एका खोलीत राहायचास. खोलीच्या मालकानं आधी तुमचे फोटो आणि कागद पोलिसांकडं जमा करायला लावले. नियमच तसा असेल, त्याला माझी ना नाही. पण तुम्हाला कामाचा खाडा करून उन्हात उभं राहावं लागलं, आणि वरच्या मजल्यावर दिल्लीचं जोडपं आलं तेव्हा त्यांचे कागद घेऊन तोच मालक स्वतः स्कूटरवरनं गेला, हे तूच मला सांगितलं होतंस. मग एकदा म्हापशाच्या स्टँडवरनं तुझा फोन आला. इकडचं तिकडचं बोललास आणि मधेच विचारलंस, ‘अक्का, घाटी ही शिवी असती का गं?’ मी आपली भाबडेपणानं म्हटलं, घाटावरचा तो घाटी, त्यात शिवी कसली. तू लगेच आईची तब्येत विचारलीस. मागं बसचे आवाज येत होते. त्या दिवशी मला ती कोण व्यक्ती होती, तिनं कुठल्या गोष्टीवरून तो शब्द वापरला, काही माहीत नव्हतं, तरी तिला जाऊन जाब विचारावा असं वाटलं होतं. आजही वाटतं.

सगळे तसे नव्हते, हेही मला ठाऊक आहे. तुला ताप भरला तेव्हा शेजारची म्हातारी आपल्या घरून पेज आणून द्यायची, वर लोणच्याची फोड ठेवून. आईनं तिला इथून शेंगांची चटणी आणि कडक भाकरी पाठवल्या होत्या, आणि म्हातारीला कडक भाकरी चावेना म्हणून तिनं ती पेजेत भिजवून खाल्ली. ती म्हातारी तुझ्या जाहिरातीत असती तर मी अवाक्षर काढलं नसतं. पण तुझी जाहिरात तिच्याबद्दल नाही आणि दुधनीच्या पोरांसाठीही नाही. ज्याच्या मांडीवर लॅपटॉप आहे त्याच्यासाठी आहे ती. त्याच्या पोहायच्या तलावातला पाला काढायला इंडी-विजापूरकडून जो येतो, तोही राहायलाच येतो ना? त्याला कुणी निळ्या पाण्याची चित्रं पाठवून बोलावलेलं मी तरी ऐकलं नाही.

आता तू म्हणशील, अक्का, तू सोलापुरात बसून कशाच्या जोरावर बोलतेस. कबूल आहे. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही. पाणी यायचं त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा जाते, पिंपं, बादल्या, कळशा, कुकरसुद्धा भरून ठेवते, आणि साहेबही काही बोलत नाहीत कारण त्यांच्या घरीही तेच चाललेलं असतं. डिप्लोमा झाल्यावर तू अक्कलकोट रोडला एमआयडीसीत फाटकाफाटकातून फिरलास आणि सगळीकडं ‘नंतर या’ ऐकून आलास, ते मी विसरलेले नाही. या गावानं आपली शिकलेली पोरं पुण्याला, हैदराबादला, गोव्याला वाटून टाकली, आणि ती सणाला आली की वर त्यांनाच विचारतं, काय, गावाची आठवण येते की नाही. मला त्याचाही संताप येतो. तू गेलास म्हणून मी कधी तोंड वाकडं केलं नाही. तुला हॉटेल सुटून ऑफिसातलं काम मिळालं तेव्हा मी आमच्या खात्यात पेढे वाटले होते.

माझा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. गेल्या महिन्यात तू फोन केलास की तुमच्याच इमारतीत तळमजल्याची खोली मिळतेय, आई-आप्पांना कायमचं तिकडं आणतो, तेवढं बेंदराच्या सणाच्या आत मेंढरं काढून टाकायला सांग. ‘काढून टाका’ म्हणालास, माळ्यावरची रद्दी काढून टाकावी तसं. ती आप्पांची माडग्याळ जातीची मेंढरं आहेत बिरू. उंच मानेची, फुगीर नाकाची, सांगोल्याच्या बाजारावरून नेली की माणसं हातातलं काम सोडून बघतात. तुझं म्हणणं सगळंच चूक आहे असं मी म्हणत नाही. चरायला माळ उरला नाही, जिकडं तिकडं तारेची कुंपणं झाली, आप्पांचे गुडघे बोलायला लागले, आईला तर आता उतरणीला काठी लागते. हे सगळं मला तुझ्यापेक्षा जास्त दिसतं, कारण महिन्यातून एकदा तरी मी तिकडं जाते. पण त्यांना न्यायचं म्हणतोस ते कुठं नेतोयस? जानेवारीत नेलं होतंस तिथंच ना?

त्या जानेवारीतल्या मुक्कामाबद्दल आप्पा माझ्याजवळ एक अक्षर बोललेले नाहीत. मला सांगितलं ते आईनं, तेही तुकड्यातुकड्यानं, शेंगा फोडता फोडता. आईला तिथलं पाणी फार आवडलं. ‘कवाबी नळ फिरीव, हाय की पानी,’ असं ती येईल जाईल त्याला सांगत होती. समुद्र मात्र तिला काही पटला नाही. एवढं पाणी, आणि एक जनावर पाजता येत नाही, मग ते कशाला म्हणायचं पाणी, असं तिचं म्हणणं. आप्पा समुद्रावर एकदाच गेले आणि पायाला वाळू लागते म्हणून परत आले. त्यांचं लक्ष लागलं ते तुमच्या इमारतीमागच्या भातखाचरांवर. कापणी होऊन मोकळं पडलेलं ते रान बघत आप्पा रोज सकाळी कुंपणापाशी उभे राहायचे. मग एके दिवशी त्या रानाचे मालक दिसले, बाजूच्या बंगल्यातले, हाफ चड्डीतले म्हातारे गृहस्थ. आप्पा पुढं झाले, रामराम घातला आणि म्हणाले, ‘रान मोकळंच हाय की तुमचं. पुढल्या साली आमची मेंढरं आणून बसवू का? लई पिकंल.’

मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात आपण उन्हाळ्यात असायचो ते तुला आठवत असेलच. पेरणीच्या आधी शेतकरी स्वतः चालत आप्पांकडं यायचे. आमच्या रानात मेंढरं बसवा, चार रात्री बसवा, नाही म्हणू नका. रात्रभर मेंढरं त्या रानात बसायची, सकाळी लेंड्यांनी जमीन भरून जायची, आणि शेतकरीण ज्वारी घेऊन आईच्या चुलीपाशी यायची. मग कळपाभोवतीची जाळी गुंडाळायची आणि पुढच्याच्या रानात. आपल्याला स्वतःचं रान कोरभर, पण परक्याच्या रानात आपण कधी उपरे नव्हतो. तुला तर एका घरी पाळण्यात घालून झोपवायचे. आपल्यात ज्याच्या जमिनीवर राहायचं, त्याला आधी हे विचारायचं असतं. आप्पा तुझ्याकडं आठवडाभर राहिले, त्या गावचं पाणी प्याले, आणि निघायच्या आधी त्यांना जे देता येण्यासारखं होतं ते त्यांनी देऊ केलं.

त्यांची ती चूकच होती. तिथल्या ओलीत आपल्या मेंढरांचे खूर सडले असते, आणि सांगोल्याहून गोव्यापर्यंत ती नेणार कोण. शांत डोक्यानं विचार केला असता तर आप्पांनाही हे कळलं असतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच आलं होतं. तूही हसला असतास तरी चाललं असतं. पण त्या गृहस्थांना वाटलं की कोण कुठला फेटेवाला कळप घेऊन येतो आणि रानात ठाण मांडायचं म्हणतो. ते तुमच्या इमारतीच्या ऑफिसात गेले. संध्याकाळी तू कामावरून आलास तोवर खाली चार माणसं जमली होती, त्यात तुमच्या कंपनीचे साहेबही होते. आई म्हणाली की आप्पा तुला बघून पुढं आले, त्यांना वाटलं आता पोरगा समजावून सांगेल. आणि तू हात जोडलेस. आप्पा तुझ्या कोपराला लागून उभे असताना तू त्या सगळ्यांना म्हणालास, ‘सॉरी, त्यांना कळत नाही. अडाणी आहेत. परत असं होणार नाही.’

एवढंच सांगायचं होतंस बिरू, की आमच्यात पाहुणा असं विचारत असतो. ते लोक हसले असते, कदाचित त्या मालकांनी आप्पांच्या पाठीवर थापसुद्धा मारली असती. माणसं काही वाईट नव्हती, बिथरली होती फक्त, आणि मधे उभा राहून दोन्हीकडचं बोलणं समजणारा तू एकटाच होतास. तुझ्या त्या पानावर गोवा काय काय देतो ते भरभरून लिहिलंयस. हवा देतो, शांतता देतो, निवांतपणा देतो. येणाऱ्यानं काय द्यायचं, याची एक ओळ त्यात नाही. तुझ्या कंपनीनं आजवर एवढी माणसं तिकडं नेऊन बसवली, त्यातल्या कुणी शेजारच्या रानवाल्याला जाऊन विचारलं असेल का, की तुमचं पीक वाढवायला मी काय करू? आपल्या बापानं विचारलं, आणि त्याबद्दल तू माफी मागितलीस.

हे सगळं मी तुला फोनवर सांगितलं असतं. पण फोनवर तू ‘अक्का, मीटिंगमध्ये आहे’ म्हणतोस, आणि खरोखर मोकळा असलास की माझाच राग गळून जातो, तुझा आवाज ऐकला की मी जेवलास का विचारत बसते. म्हणून लिहायला बसले. आणि अजून एक खरं सांगते, मेंढरं विकायचा तुझा निरोप मी आप्पांना दिला तेव्हा मनातनं निवांत होते. मला वाटलं, आप्पा तुला असं झाडतील की तू परत नाव काढणार नाहीस. त्यांचं ते झाडणं ऐकायला मिळावं म्हणून तर मी तुझी जाहिरात वाचून दाखवायला आज सकाळी मुद्दाम पहिल्या एसटीनं गावाकडं गेले.

घरात पाऊल टाकलं तर आप्पा भिंतीवरच्या आरशासमोर उभे. फुल पँट घालून. बाजारातनं आणलीय, करड्या रंगाची, कमरेला मोठी आणि पायात आखूड, वर तुझा शाळेतला जुना पट्टा आवळलेला. जन्मभर धोतराशिवाय मी त्यांना पाहिलं नाही रे, माझ्या लग्नात सासरच्या लोकांनी सफारी आणला तर तो त्यांनी घडी न मोडता परत केला होता. मी हसले. ते हसले नाहीत. आई चुलीपाशी आमच्याकडं पाठ करून बसली होती. मग कळलं की व्यापाऱ्याशी बोलणं झालंय, बेंदूर झाला की तो टेंपो घेऊन येणार आहे. आप्पांनी आईलाही काल रात्रीच सांगितलं. मी तुझं पान वाचून दाखवलं. आप्पांनी दोन्ही हात मांडीवर ठेवून ते शाळेतल्यासारखं ऐकलं. संपल्यावर पँटची इस्त्री हातानं सारखी करत मला म्हणाले, ‘तेला सांग, मी तितं कुनाला काय बोलनार न्हाय. खोलीत गप बसून ऱ्हाईन. तेला पुन्यांदा हात जोडाय लागायचं न्हाईत.’

बिरू, ते तुझ्यावर रागावले असते तर मी हे पत्र लिहिलंच नसतं. मला वाटत होतं ते येणार नाहीत, आणि ते यायला निघालेत, असे पँट घालून, तोंड मिटून. तू बेंदराच्या आत इकडं ये. फोन करू नकोस, फोनवर ते ‘व्हय, व्हय’ म्हणतील आणि ठेवतील. समोर बस आणि सांग, की यायचं तर धोतर नेसून यायचं, दिसेल त्याला रामराम घालायचा, मनात येईल ते विचारायचं, आणि कुणाला खटकलं तर त्याच्याशी मी बोलेन. हे तुझ्या तोंडून मनापासून निघत असेल तर मीच मेंढरं टेंपोत चढवायला हात लावीन, आणि आईला तिचा नळ मिळाला म्हणून मला बरंही वाटेल. निघत नसेल तर त्यांना म्हण, आप्पा, येऊ नका. तुझ्यावाचून ते दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाहीत. मी पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं, व्यापाऱ्याला नको म्हणा म्हटलं. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, नुसतं विचारलं की तिकडं मोठ्यानं खोकलेलं चालतं का.

तुझीच, तुझ्याशी भांडायचा हक्क असलेली,
अक्का